मातीतली दोन इंजिने

डर्ट बाइक म्हणजे डांबरी रस्ता सोडून माती, चिखल, वाळू आणि खडकांवर पळवण्यासाठी बांधलेली मोटरसायकल. शर्यतीच्या डर्ट बाइकला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, आरसा नसतो. सीट उंच आणि फळीसारखी सपाट, टायरवर बोटाच्या पेराएवढे रबराचे गोटे, आणि सुमारे फूटभर दबून पुन्हा वर येणारे सस्पेन्शन. वजन शंभर किलोच्या आसपास. या सांगाड्यात इंजिन कोणते बसवावे, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद साठ वर्षांहून जुना आहे. रस्त्यावरच्या दुचाकींपुरता तो कधीच निकालात निघाला आणि फोर-स्ट्रोक जिंकले. मातीत मात्र दोन्ही इंजिने आजही कारखान्यांतून बाहेर पडतात आणि दोन्हींना गिऱ्हाईक आहे. याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. डांबरावर इंजिनाची ताकद जास्त असली की गाडी सहसा पुढे जाते. मातीत मागचे चाक कधीही घसरू शकते, म्हणून ताकद किती यापेक्षा ती चाकापर्यंत कशी पोहोचते, याला महत्त्व येते. आणि नेमके तिथेच ही दोन इंजिने एकमेकांपासून सर्वात दूर आहेत.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरून खाली किंवा खालून वर एकदा गेला, की तो एक स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडून मिश्रण पेटले की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळालेला वायू बाहेर लोटतो. चार स्ट्रोकमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरवलेला दांडा, दोनदा फिरतो आणि ताकद मिळते ती एकदाच. मिश्रण आत कधी घ्यायचे आणि धूर बाहेर कधी सोडायचा, हे सिलिंडरच्या डोक्यावरचे व्हॉल्व्ह ठरवतात. व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्ट लागतो आणि कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग चेन. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने १८७६ साली या चक्राचे इंजिन चालवून दाखवले. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच चक्रावर चालतात.

टू-स्ट्रोकमध्ये हे सगळे काम दोनच स्ट्रोकमध्ये उरकते, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला एक स्फोट. इंग्लंडमधील बाथ शहरात जोसेफ डे याने १८९०च्या सुमारास या इंजिनाचा जो साधा प्रकार आणला, त्यात डोक्यावरचे व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट लागतच नव्हते. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वर-खाली होणारा पिस्टनच ती झाकतो आणि उघडतो. वर जाताना पिस्टनच्या खालच्या बाजूला पोकळी तयार होते आणि तिच्या ओढीने नवे मिश्रण क्रँकच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, शिरते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबाखाली बाजूच्या वाटेने वर चढते आणि जळक्या धुराला ढकलून त्याची जागा घेते. पंप, दरवाजा आणि दट्ट्या अशी तिन्ही कामे एकटा पिस्टन करतो. मिश्रण क्रँककेसमधूनच जात असल्याने तिथे वंगणाचे तेल वेगळे भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. लूना, राजदूत किंवा जुनी बजाज स्कूटर ज्या घरात होती, तिथे पंपावर पेट्रोलसोबत टू-टी ऑइल मोजून टाकून घेणे आणि मागे निळसर धुराची शेपटी सोडत जाणे या नेहमीच्या गोष्टी होत्या. त्या धुराचे मूळ हेच.

दर फेरीला स्फोट, म्हणजे कागदावर दुप्पट ताकद. प्रत्यक्षात ती दुप्पट होत नाही, कारण नवे मिश्रण आत येत असताना धूर जाण्याची वाट उघडीच असते. त्या वाटेने बरेचसे ताजे पेट्रोल न जळताच निघून जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हणूनच टू-स्ट्रोक हे स्वस्त, हलक्या, कामचलाऊ गाड्यांचे इंजिन मानले जाई. ब्रिटनमध्ये मातीतल्या ज्या शर्यतींना ‘स्क्रॅम्बल’ म्हणत आणि पुढे जगाने ज्यांना मोटोक्रॉस म्हटले, त्यांत बीएसए, मॅचलेस अशा कंपन्यांच्या ५०० सीसीच्या जडशीळ फोर-स्ट्रोक गाड्या राज्य करत होत्या.

हे चित्र पालटले ते मातीच्या मैदानावर नव्हे, तर पूर्व जर्मनीतील त्शोपाउ गावातल्या एमझेड कारखान्यात. तिथल्या शर्यत विभागाचा प्रमुख वाल्टर काडेन याने सायलेन्सरकडे धूर फेकण्याची नळी म्हणून न पाहता इंजिनाचाच एक भाग म्हणून पाहिले. बाहेर जाणाऱ्या धुराबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी पुढे फुगत जाणारी आणि शेवटी निमुळती केली, की ही लाट आधी सिलिंडरमधला धूर ओढून काढते आणि मग निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते. परतीच्या वाटेवर ती नळीत निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते, तेही पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी. फुगीर पोटाची ती नळी म्हणजेच एक्स्पान्शन चेंबर. एकही हलणारा भाग न वाढवता, नुसत्या पत्र्याच्या आकारातून ताकद काढण्याची ही करामत इंजिनांच्या इतिहासातली अत्यंत देखणी युक्ती म्हणावी लागेल. १९६१ पर्यंत काडेनच्या १२५ सीसी इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली, म्हणजे लिटरमागे दोनशे.

त्याच वर्षी एमझेडचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तो सुझुकीवर ५० सीसी गटाचा जगज्जेता ठरला. तेव्हापासून जपानी कंपन्यांनी टू-स्ट्रोकचा जो पाठपुरावा केला, त्याची फळे रस्त्यावरच्या शर्यतींइतकीच मातीतही दिसली. युरोपात चेकोस्लोव्हाकियाची सीझेड आणि स्वीडनची हुस्कवार्ना या कंपन्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन मोटोक्रॉसमध्ये आधीच उतरल्या होत्या. १९६४ आणि १९६५ मध्ये ५०० सीसीचे जगज्जेतेपद जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर मिळवले. १९६६ मध्ये ते पाउल फ्रीडरिक्सने सीझेडच्या टू-स्ट्रोकवर हिसकावले. पुढच्या दशकात सुझुकीच्या रॉजर डी कॉस्टरने हेच विजेतेपद पाच वेळा जिंकले. फोर-स्ट्रोकवर कंपनीची सगळी प्रतिष्ठा बेतलेल्या आणि टू-स्ट्रोकविषयी नावड न लपवणाऱ्या सोइचिरो होंडाच्या कंपनीलाही १९७३ मध्ये सीआर२५०एम एल्सिनोर ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी बाजारात आणावी लागली. मोटोक्रॉसपुरती तरी लढाई संपल्यात जमा होती.

या काळात टू-स्ट्रोकची जी चव स्वारांच्या अंगात भिनली, तिचा उगम त्या फुगीर पोटाच्या नळीतच आहे. लाट परत येण्याची वेळ इंजिनाच्या ठरावीक वेगालाच जुळते. त्या वेगाखाली इंजिन मंद, काहीसे आळसावलेले वाटते. वेग जुळला की एकाएकी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी ताकद येते. त्या पल्ल्याला पॉवरबँड म्हणतात. यामाहा आरएक्स १०० चालवलेल्या माणसाला याची छोटी आवृत्ती ठाऊक असते. ९८ सीसीची आणि ११ अश्वशक्तीची ती गाडी थ्रॉटल पिळल्यावर क्षणभर विचार करते आणि मग उसळते. शर्यतीच्या १२५ सीसी गाडीत हे प्रकरण कितीतरी टोकाचे असते. तिथे पॉवरबँड अरुंद असतो आणि त्यातून बाहेर पडले की गाडी मरगळते. म्हणून स्वाराला सतत गिअर बदलत, क्लच बोटाने अर्धवट दाबत-सोडत इंजिन त्या पल्ल्यात धरून ठेवावे लागते. वळणात शिरताना वेग गमावला तर पुढच्या सरळ पट्ट्यावर तो भरून काढायला इंजिनाकडे जादा ताकद नसते. पोर्टची उंची वेगानुसार बदलणारे पॉवर व्हॉल्व्ह आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पात्यांचे रीड व्हॉल्व्ह यांनी ही धार बरीच बोथट केली, पण नाहीशी केली नाही. १२५ सीसी टू-स्ट्रोकवर शिकलेला स्वार वळणात वेग टिकवायला शिकतोच, असे प्रशिक्षक मानतात. त्यात तथ्य आहे, कारण ते इंजिन चूक झाकत नाही.

फोर-स्ट्रोकची ताकद तळापासून हळूहळू, एकसंध चढत जाते. आणखी एक गोष्ट मातीत त्याच्या उपयोगी पडते. दोन स्फोटांमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांचे अंतर असते. धक्क्यांमधल्या त्या मोकळ्या क्षणात घसरू पाहणारा टायर पुन्हा माती पकडतो. कोरड्या, कडक, वर भुरभुरीत धूळ असलेल्या वाटेवर हा फरक स्पष्ट जाणवतो. टू-स्ट्रोकचे चाक जागीच फिरू लागते, तर फोर-स्ट्रोक बैलासारखे जमीन धरून ओढत राहते. थ्रॉटल सोडल्यावरची वागणूकही वेगळी. फोर-स्ट्रोक इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते, म्हणजे उतारावर ब्रेकचे बरेचसे काम इंजिन करते. टू-स्ट्रोक मोकळी घरंगळत जाते. नवख्याला याची भीती वाटते. जाणकाराला तेच हवे असते, कारण खड्ड्यांच्या रांगेवर गाडी पुढच्या चाकावर न लादता हलकी ठेवता येते.

वजनाचा मुद्दा तराजूवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. इंधनासह यामाहाची १२५ सीसी टू-स्ट्रोक सुमारे ९५ किलोची, २५० सीसी टू-स्ट्रोक १०३च्या आसपास आणि ४५० सीसी फोर-स्ट्रोक ११० किलोच्या आसपास. आकडे पाहता शेवटच्या दोघींतला फरक सुमारे सात किलोंचा. पण फोर-स्ट्रोकमध्ये डोक्यावर कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा हे सगळे उंचावर असते, शिवाय आत फिरणारे वजन जास्त. वेगाने फिरणारी वस्तू आपली दिशा सहजासहजी सोडत नाही, हे भोवऱ्यावरून कळते. म्हणून गाडी हवेत असताना किंवा झाडांमधून नागमोडी नेताना टू-स्ट्रोक अंगाला चिकटल्यासारखी वळते आणि फोर-स्ट्रोक वळवावी लागते. हवेत कसरती करणाऱ्या फ्रीस्टाइल स्वारांनी टू-स्ट्रोक सोडली नाही, यामागे हे एक मोठे कारण आहे. २००६ च्या एक्स गेम्समध्ये ट्रॅव्हिस पास्ट्रानाने गाडीसह हवेत उलट्या दोन कोलांट्या घेऊन दाखवल्या, त्या सुझुकीच्या २५० सीसी टू-स्ट्रोकवर.

मग मोटोक्रॉसच्या मैदानावरून टू-स्ट्रोक गेली कशी? धुराच्या कायद्यांमुळे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कॅलिफोर्नियात मैदानी गाड्यांना धुराच्या प्रमाणानुसार हिरवे आणि लाल स्टिकर लावण्याची पद्धत आली आणि लाल स्टिकरच्या गाड्यांना सार्वजनिक जागी वर्षातले ठरावीक महिनेच मुभा राहिली. कंपन्यांना भविष्याची चाहूल लागली, हे नक्की. पण शर्यतीतला निकाल लावला तो नियमपुस्तकाने. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट निम्मेच होतात, म्हणून त्यांना जवळपास दुप्पट सीसीची सवलत होती. अमेरिकेत २५० सीसी टू-स्ट्रोकच्या गटात ५५० सीसीपर्यंतचे फोर-स्ट्रोक उतरवता येत असे. जुन्या, अवजड फोर-स्ट्रोकसाठी ही सवलत दयेपोटी दिल्यासारखीच होती, आणि तिचा कुणी गंभीरपणे फायदा घेईल असे वाटले नव्हते.

यामाहाने तो घेतला. पाच व्हॉल्व्हचे, आखूड स्ट्रोकचे, मिनिटाला अकरा हजारांहून अधिक फेरे घेणारे ४०० सीसी इंजिन त्यांनी बांधले. मे १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉस शर्यतीत डग हेन्रीने ही वायझेडएम४००एफ गाडी उतरवली आणि जिंकली. अमेरिकी सुपरक्रॉसच्या मुख्य शर्यतीतला फोर-स्ट्रोकचा तो पहिला विजय. १९९५ मध्ये पाठीचा कणा मोडून घेतलेल्या या स्वाराने १९९८ मध्ये बाजारात आलेल्या वायझेड४००एफवर मैदानी मोटोक्रॉसचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. गाडी सुरू करणे हा तेव्हा एक विधीच होता. डीकम्प्रेशनची दांडी ओढायची, पिस्टन नेमक्या जागी आणायचा, मग पूर्ण जोर लावून किक मारायची. गरम इंजिन शर्यतीत बंद पडले तर स्वार घामाघूम होई. तरीही वाट मोकळी झाली होती. २००१ मध्ये यामाहाची २५० सीसी फोर-स्ट्रोक आली आणि ती १२५ सीसी टू-स्ट्रोकशी भिडू लागली. होंडाने २००२ ची सीआरएफ४५०आर आणली. १२५ समोर २५० आणि २५० समोर ४५० अशी ही स्पर्धा असमान आहे, ही टू-स्ट्रोकवाल्यांची तक्रार आजही ऐकू येते आणि ती निराधार नाही. पाच-सहा वर्षांत आघाडीच्या संघांतून टू-स्ट्रोक नाहीशी झाली. २००७ नंतर होंडाने सीआर मालिकाच थांबवली.

स्वस्त, साध्या इंजिनाच्या जागी महाग, गुंतागुंतीचे इंजिन आल्याचा फटका हौशी स्वारांना बसला. टू-स्ट्रोकचे वरचे इंजिन खोलणे दुपारभराचे काम आहे: हेड काढा, सिलिंडर उचला, पिस्टन आणि रिंगा बदला, नवे गॅस्केट घाला. घरच्या अंगणात, चार पान्यांवर भागते. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतात. ते किती झिजले हे तासांच्या हिशेबाने मोजावे लागते, पातळ चकत्या बदलून अंतर राखावे लागते, टायमिंग चेन वेळेवर बदलावी लागते. टाळाटाळ केली आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर पिस्टन, हेड आणि कधीकधी क्रँकही एका फटक्यात जातो. टू-स्ट्रोक बिघडते तेव्हा सहसा पिस्टन सीझ होतो, सिलिंडर घासला जातो आणि बिल बेताचे येते. अर्थात ती बिघडतेही जास्त वेळा. तेलाचे प्रमाण चुकले की संपले. ४० भाग पेट्रोलला एक भाग तेल या हिशेबाने पाच लिटरला १२५ मिलिलिटर, आणि हे मोजमाप दर वेळी करावे लागते. एकेकाळी शर्यतीत त्यासाठी एरंडेल वापरत. जळक्या एरंडेलाचा गोडसर दर्प जुन्या शौकिनांना अत्तरासारखा वाटतो; कॅस्ट्रॉल या नावातही एरंडेलाचे इंग्रजी नाव लपलेले आहे.

आवाजाबाबतही एक विरोधाभास आहे. टू-स्ट्रोकचा आवाज माशीच्या भुणभुणीसारखा तीक्ष्ण, फोर-स्ट्रोकचा खालच्या पट्टीतला आणि घुमणारा. कानाजवळ पहिला जास्त बोचतो, पण खालच्या पट्टीतला आवाज दूरवर जातो. त्यामुळे फोर-स्ट्रोकची लाट आल्यावर मैदानांच्या शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत.

टू-स्ट्रोक हद्दपार झाली ती सपाट आणि वेगवान मैदानांवरून. जिथे वेग कमी आणि अडचण जास्त, तिथे तिने आपले राज्य राखले. ऑस्ट्रियातील लोखंडाच्या खाणीच्या डोंगरावर १९९५ पासून एर्झबर्गरोडिओ भरते. शेकडो स्वार निघतात आणि मूठभरच शेवटाला पोहोचतात. घराएवढ्या दगडांवरून, उभ्या चढांवरून गाडी कधी चालवत, कधी ढकलत, कधी दोरीने ओढत न्यावी लागते. पोलंडच्या ताडेउश ब्लाझुसियाकने २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे ती केटीएमच्या टू-स्ट्रोकवर जिंकली. अशा ठिकाणी ३०० सीसी टू-स्ट्रोक हे जवळजवळ ठरलेले हत्यार आहे. शर्यतीच्या २५० पेक्षा तिची तळातली ताकद मऊ असते, ती इंजिनाला फारसा वेग न देता खडकावर चढते, सहजी बंद पडत नाही, आणि गाडी आडवी झालीच तर उचलताना प्रत्येक किलो मोजावा लागतो. अशा वेळी हलकी गाडी ही चैन राहत नाही. याच्या अगदी उलट टोक म्हणजे डकार रॅली. दिवसाला शेकडो किलोमीटर वाळवंट तुडवायचे, इंधन पुरवून वापरायचे आणि एकसंध वेग राखायचा. २०११ पासून तिथे ४५० सीसीची मर्यादा आहे आणि पुढे धावणाऱ्या गाड्या फोर-स्ट्रोकच असतात. सी. एस. संतोषने २०१५ मध्ये ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, तोही फोर-स्ट्रोकवरच.

धुराच्या कायद्यांना उत्तर म्हणून केटीएमने २०१७ मध्ये इंधन इंजेक्शनची टू-स्ट्रोक एंड्युरो, म्हणजे लांब, खडतर वाटांसाठीची, गाडी आणली. त्यात पेट्रोल कार्बोरेटरऐवजी सिलिंडरच्या बाजूच्या पोर्टमध्ये फवारले जाते आणि तेल वेगळ्या टाकीतून पंपाने येते. निसटणारे पेट्रोल घटते, आणि मोजून तेल मिसळण्याची कटकटही जाते. डोंगर चढताना हवा विरळ होत गेली तरी कार्बोरेटरमधल्यासारखे जेट बदलावे लागत नाहीत, हा फायदा एंड्युरोवाल्यांना सर्वात जास्त पटला. यामाहाने मात्र आपली वायझेड२५० जुन्या कार्बोरेटरसह वर्षानुवर्षे चालू ठेवली आणि तिलाही गिऱ्हाईक कमी पडले नाही.

भारतात या वादाला वेगळीच पार्श्वभूमी आहे. खऱ्या अर्थाने डर्ट बाइक इथे फार थोड्यांना मिळाली. आयात महाग, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. पुणे, नाशिक अशा शहरांत मोटोक्रॉस भरत, तेव्हा स्थानिक स्वार रस्त्यावरच्या यामाहा आरएक्स किंवा सुझुकी शोगनसारख्या टू-स्ट्रोकच सोलून, पोर्ट घासून, नवी नळी बसवून मातीत उतरवत. मेकॅनिकच्या हातातली कानस हाच तेव्हाचा संशोधन विभाग. धुराचे नियम कडक झाल्यावर २००० नंतरच्या दशकात या गाड्यांचे उत्पादन थांबले. पुढे आलेल्या हिरोच्या इम्पल्स आणि एक्सपल्ससारख्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्या मातीच्या वाटेवरही चालतात, पण दिवा-आरशासह. शर्यतीच्या जातीच्या नव्हेत. टू-स्ट्रोकची खूण आता जुन्या आरएक्सच्या चढ्या किमतींत दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे ढिगारे रचून बनवलेल्या त्या मार्गावर ४५० आणि २५० सीसी गटांतले परदेशी स्वार फोर-स्ट्रोकवर झेपावले. त्याच लीगमध्ये लहान मुलांसाठी ८५ सीसीचा गटही होता. ६५ आणि ८५ सीसीच्या शर्यतीच्या गाड्या आजही टू-स्ट्रोकच बनतात, कारण एवढ्या लहान, हलक्या आकारात व्हॉल्व्ह-कॅमशाफ्टचा पसारा परवडत नाही. त्यामुळे ४५० सीसी फोर-स्ट्रोकवर जगज्जेतेपदासाठी झुंजणाऱ्या बहुतेक स्वारांनी लहानपणी क्लच आणि थ्रॉटलचे पहिले धडे निळ्या धुरातच गिरवलेले असतात.